तळघराची गळती आतल्या गिलाव्याने थांबत नाही

महोदय,

गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते आणि त्या सुमारास पुण्यातील कितीतरी सोसायट्यांत बेसमेंटच्या गळतीची दरपत्रके मंजुरीला येतात. बहुधा सर्वांत स्वस्त काम, म्हणजे आतून भिंत टोचून वॉटरप्रूफिंगचे रसायन घातलेला गिलावा करणे, मंजूर होते. पुढच्या आषाढात तोच गिलावा फुगतो आणि पोपडे गाड्यांवर पडू लागतात. सभासदांचा पैसा असा वाया जाताना पाहवत नाही, म्हणून हे पत्र.

पुण्याचा अखंड काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही, पण त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरमातून ते वाहत येते आणि खोदाईचा खड्डा व तळघराची भिंत यांमधल्या भरावात साठते. साठलेल्या पाण्याची उंची तीन मीटर झाली, तर भिंतीच्या पायथ्याशी दर चौरस मीटरला सुमारे तीन टन दाब येतो. बाहेरून दिलेला थर या दाबाने भिंतीला घट्ट बसतो. आतला गिलावा मात्र त्याच दाबाने भिंतीपासून सुटतो.

भराव झाल्यावर बाहेरून काम करणे जवळपास अशक्य असते, तरीही दुरुस्ती होऊ शकते. त्यासाठी आधी पाण्याची वाट शोधली पाहिजे. राफ्ट (इमारतीखालचा काँक्रीटचा सलग पाया) आणि भिंतीचा सांधा, शटरिंगच्या टायरॉडची (काँक्रीट ओतताना साच्याच्या फळ्या धरून ठेवणाऱ्या सळ्यांची) छिद्रे, पाइप भिंतीतून जातो ती जागा आणि व्हायब्रेटर (ओले काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे यंत्र) नीट न फिरल्याने पोकळ राहिलेले काँक्रीट या नेहमीच्या जागा. ओल वाळल्यावर उरलेली क्षारांची पांढरी रेघ ती वाट दाखवते. पाझरणाऱ्या पाण्यात क्लोरिन आढळले, तर आधी नळाची फुटलेली वाहिनी शोधावी; ही तपासणी अगदी स्वस्त आहे आणि तरीही क्वचितच केली जाते.

वाहत्या भेगेच्या बाजूने भिंतीत साधारण ४५ अंशांत तिरकी छिद्रे अशी पाडतात, की ती भिंतीच्या जाडीच्या मध्यावर भेगेला मिळतील. त्यांत पॅकर (रसायन आत सोडण्याच्या तोट्या) बसवून पंपाने पॉलियुरेथेन हे द्रवरूप रसायन भरले, की ते पाण्याशी संयोग होऊन फुगते आणि वाट बुजवते. इपॉक्सी हे वाळल्यावर कडक होणारे रसायन कोरड्या आणि हालचाल थांबलेल्या भेगेसाठी आहे. हलत्या भेगेत ते भरले, तर शेजारी नवी भेग पडते. सळई गंजली असेल, तर भेग बुजवून भागत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने तो काँक्रीट फोडत राहतो, म्हणून सैल काँक्रीट काढून, सळई साफ करून तो भाग नव्याने भरावा लागतो.

इमारत नवी असेल, तर खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी सभासदांनी रेरा (स्थावर संपदा नियमन व विकास) कायद्याचे कलम १४ अवश्य पाहावे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष कळवल्यास विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी आणि छायाचित्रांसह द्यावी.

महापालिकेला माझी विनंती आहे, की तळघराभोवती भराव घालण्यापूर्वी बाहेरील वॉटरप्रूफिंगची पाहणी व्हावी आणि त्या कामाची छायाचित्रे सोसायटीला सुपूर्द करणे विकसकावर बंधनकारक करावे, कारण भरावानंतर ते काम कोणालाच पाहता येत नाही.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, कोथरूड, पुणे