नंदूस पत्र : गाडी विकत की लीजवर

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल तू मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या असशील त्या पोचल्या असे समज. येथे सर्व क्षेम आहे. माझी साखर आटोक्यात, सुलभाचा गुडघा जैसे थे, आणि आई 84 व्या वर्षीही भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी खणखणीत. पत्राचे कारण आहे गाडी. या विषयावर मी तोंड उघडले की घरातले एकेक जण काहीतरी काम आठवून उठून जाते, म्हणून आता तुला धरले आहे. आपल्या चेतक स्कूटरची आरसी, म्हणजे नोंदणीचे पुस्तक, कोणाच्या नावावर असावी या प्रश्नावरून ज्याने माझ्याशी अख्खा पावसाळा अबोला धरला, त्यालाच माझी अडचण कळेल.

झाले असे की आपली सँट्रो संपली. 2009 ची गाडी, 15 वर्षे पुरी झाली तेव्हा 5,000 रुपये फी भरून मी तिचे रजिस्ट्रेशन आणखी पाच वर्षांनी वाढवून घेतले होते, त्यामुळे कागदावर ती अजून तरुण आहे. पण पावसाळ्यानंतर सलीम मिस्त्रीने ड्रायव्हरच्या पायाखालचे रबरी मॅट उचलून दाखवले, तर पत्रा गंजून गेलेला आणि त्यातून खालचा रस्ता दिसत होता. ‘साहब, अब इसमें पैर से ब्रेक लगाना,’ असे तो म्हणाला आणि वर हसला. दुसऱ्या दिवसापासून सुलभाने त्या गाडीत बसायचे नाकारले.

त्याच सुमारास मालनपूरला आमच्या कंपनीने लीजची योजना आणली. गाडी आपण निवडायची, लीज कंपनी ती विकत घेऊन आपल्याला वापरायला देणार, भाडे पगारातून कर लागण्यापूर्वीच कापले जाणार, विमा आणि सर्व्हिसिंग त्यांच्याकडे, आणि 48 महिन्यांनी एकतर गाडी परत करायची किंवा उरलेली किंमत भरून नावावर करून घ्यायची. चिन्मयने बंगळुरूहून फोनवर ऐकले आणि तो लगेच त्या बाजूचा वकील झाला. तो स्वतः महिन्याच्या भाड्याची गाडी वापरतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण पुढच्या वर्षी तो कोणत्या शहरात असेल हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसते. ‘बाबा, ज्या वस्तूची किंमत रोज उतरते ती विकत घेणे हा वेडेपणा आहे,’ हे त्याचे मुख्य सूत्र. विम्याच्या कोष्टकात पाच वर्षांत गाडीचे मूल्य निम्म्यावर येते, हे तू विमा कंपनीत असताना आम्हाला इतक्या वेळा ऐकवले होतेस की मी त्याला ते पाठ म्हणून दाखवले. पण नंदू, तो घसारा लीजमध्ये कोणी माफ करत नाही. भाड्याची रक्कम ठरवतानाच तो धरलेला असतो, त्यावर त्यांचे व्याज चढते आणि त्याही वर जीएसटी.

तरीही कंपनीने दिलेल्या कागदावर लीज चांगली सव्वा लाखाने स्वस्त दिसत होती, आणि मी जवळजवळ सही करणार होतो. मग एका रविवारी जुनी वही काढून हिशेब मांडला. गाडी सव्वाआठ लाखांच्या आसपासची, ऑन-रोड सव्वानऊ ते साडेनऊ, आणि विकत घेतली तर वर चार वर्षांचा विमा, सर्व्हिसिंग आणि कर्जाचे व्याज. लीजचे भाडे महिना 21,500, म्हणजे चार वर्षांचे 10 लाख 32 हजार, आणि शेवटी गाडी ठेवायची तर आणखी सुमारे 2 लाख 20 हजार. यातून वजा करायची ती कराची बचत. 2025-26 च्या नियमाने लहान इंजिनाच्या गाडीसाठी महिना 1,800 रुपयेच करपात्र उत्पन्नात धरत आणि बाकीचे भाडे करातून सुटत होते, इथपर्यंत ठीक. पण त्यांच्या कागदावर ही बचत तीस टक्क्यांनी काढली होती! नव्या करप्रणालीत तीस टक्के लागतात ते 24 लाखांच्या वरच्या उत्पन्नाला. माझ्या पगाराचा वरचा तुकडा 12 ते 16 लाखांच्या टप्प्यात, म्हणजे 15 टक्क्यांत येतो. बचत तीन लाखांवरून दीड लाखावर आली आणि लीज एकदम विकत घेण्यापेक्षा पंचवीस-तीस हजारांनी महागच पडू लागली. ज्याचा पगार माझ्या दुप्पट त्याला ती योजना फायद्याची आहे यात शंका नाही. आमच्या प्लँट हेडने दोन दिवसांत गाडी उचलली. गणितात नापास होणारा मी आणि कॉपी करू देणारा तू, हे लक्षात घेऊन आकडे पुन्हा एकदा तपास, पण माझी खात्री आहे.

आता आकड्यांपलीकडचे. मला निवृत्तीला तीन वर्षे राहिली आणि लीज चार वर्षांची. मधेच नोकरी सुटली तर उरलेले हप्ते, दंड आणि शिल्लक किंमत एकदम भरा असे करारात लिहिले आहे. 36 महिन्यांची लीज मागितली तर भाडे 25 हजारांच्या वर गेले. शिवाय वर्षाला 15,000 किलोमीटरची मुभा धरून ते भाडे ठरवलेले. आमचा वापर म्हणजे दौलतगंज ते सिटी सेंटर, महिन्यातून एकदा आईला दतियाला पीतांबरा पीठाच्या देवळात नेणे आणि क्वचित आग्रा. न चाललेल्या किलोमीटरांचे पैसे देणे माझ्या स्वभावात नाही, आणि तुझ्या स्वभावात तर ते कधीच नव्हते. पेट्रोलच्या पैशांवरून तू काय काय बोलला होतास ते अजून माझ्या लक्षात आहे.

आणि आरसी. आमच्या या लीजमध्ये आरसीवर मालक म्हणून लीज कंपनीचे नाव असते. कर्जाच्या गाडीवरही बँकेचा बोजा चढतो हे खरे, पण मालक म्हणून नाव आपलेच राहते. तुला आठवते ना, चेतकला निम्मे पैसे माझे, निम्मे तुझे, आणि नाव तुझ्या काकांचे. अचलेश्वर मंदिरापाशी हवालदाराने अडवले तेव्हा काका उज्जैनला, आणि आपण दोघे मालक असूनही स्कूटर रात्रभर ठाण्यात! तू तेव्हाही म्हणालास की नाव कोणाचेही असले तरी काय बिघडते, आणि मी अजूनही म्हणतो की बिघडते. आईसाठी दाराच्या आत एक जादा मूठ बसवायची आहे, तर त्यासाठीदेखील लीज कंपनीची लेखी परवानगी लागेल असे त्यांचा माणूस फोनवर म्हणाला. मुठीसाठी परवानगी!

मूठ का हवी ते सांगतो. कंबरेच्या ऑपरेशननंतर आईला गाडीत बसायची रीत शिकवली आहे : गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला आधी टेकायचे, लुगड्याचा घोळ डाव्या हाताने मांडीवर गोळा करायचा आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे. त्यामुळे आम्ही शोरूममध्ये गाड्या पाहिल्या त्या इंजिनाच्या बाजूने नव्हेच. स्विफ्टमध्ये आई टेकली ती खालीच गेली, आणि वर काढायला दोघे लागले. वॅगन आरची सीट तिच्या कंबरेच्या बरोबरीला आली, ती तिला सर्वांत आवडली. टाटा पंचमध्ये थोडे वर चढावे लागते, पण दार पार 90 अंशांत उघडते, त्यामुळे धरून उभे राहायला जागा भरपूर मिळते. चिन्मयला क्रॅश टेस्टचे पाच तारे हवेत, ते पंचला 2021 मध्येच मिळाले आहेत; आईला तारे नकोत, लोंबती मूठ हवी. शेवटी ऑटोमॅटिक पंच ठरली. फक्त आपल्या गल्लीत ते 90 अंशांचे दार जोश्यांच्या ओट्यावर आपटते, तेव्हा आईला कोपऱ्यावरच चढवावे लागेल. सीएनजीचा विचार केला होता, पण टाकीने डिक्की इतकी खाल्ली की आईची घडीची खुर्ची मावेना. आणि विजेच्या गाडीला दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडून चार्ज करण्याची कल्पना सुलभाने ऐकताक्षणी निकालात काढली.

आता आपल्या ग्वाल्हेर व्यापार मेळ्याचे. तू ग्वाल्हेर सोडलेस तेव्हा मेळ्यात आपण मौत का कुआँ पाहायला जात होतो; आता निम्मा मेळा गाड्यांच्या शोरूमचा असतो, कारण तेथे घेतलेल्या गाडीला रोड टॅक्सात 50 टक्के सूट मिळते. अट एवढीच की रजिस्ट्रेशन ग्वाल्हेरच्या आरटीओत झाले पाहिजे. सरकारचा आदेश दरवर्षी शेवटच्या क्षणी निघतो, आणि तोवर सगळे शहर बुकिंग करून हात बांधून बसते. आमच्या गाडीवर ही सूट तीस हजारांच्या वर जाते. लीज कंपनी मात्र तिच्या सगळ्या गाड्या इंदूरला रजिस्टर करते, म्हणजे दारात मेळा असून आपण कोरडे. सप्टेंबर 2025 मध्ये लहान गाड्यांवरचा कर सेससकट 29 वरून 18 टक्क्यांवर आला तेव्हाच गाडी घेऊन टाकायची असे सुलभा म्हणत होती, पण मेळ्याची सूट सोडणे ग्वाल्हेरकराला शोभले नसते.

तेव्हा विकत घ्यायची, हे माझ्यापुरते ठरले आहे. राहिलेला प्रश्न, ज्यासाठी खरे तर एवढा कागद खर्च केला, तो असा. बाकीची रक्कम हाताशी आहे आणि चार लाख कमी पडतात. 36 महिन्यांचे कर्ज घेतले तर 9 टक्क्यांनी हप्ता 12,720 बसतो, व्याज सुमारे 58 हजार जाते आणि शेवटचा हप्ता माझ्या निवृत्तीच्या महिन्यातच फिटतो. नाहीतर आईच्या नावाची एफडी मोडायची. आई स्वतःच म्हणते मोडा, गाडी माझ्यासाठीच तर घेता आहात. पण तिच्या दुखण्यासाठी राखलेले पैसे तिला दतियाला नेण्याच्या सोयीत घालवावेत का, हे मला रात्री झोपू देत नाही. चिन्मय पैसे देऊ करतो आहे; ते मी घेणार नाही हे तुला सांगायला नकोच.

तुझे काय चालले आहे? नागपुरातल्या घराचे रंगकाम झाले का, आणि मिनूचे कुठे जमले का, ते सविस्तर कळव. वहिनींनी पाठवलेल्या सांडग्या मिरच्या पोचल्या आणि संपल्याही. मुरैन्याची गजक घेऊन ठेवली आहे, पण ती पोस्टाने पाठवणार नाही. मेळ्याला आलास तर मिळेल.

बुकिंगचे 11 हजार भरले आहेत आणि बँकेचा माणूस शुक्रवारी कागद न्यायला येणार आहे. त्याआधी फोन कर. कर्ज म्हणालास तर सही करतो. एफडी म्हणालास तर ते आईला नव्हे, मला सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिवाकर