तीनशे किलोमीटरची नदी गोव्याने आणायची कुठून?

मा. केंद्रीय मंत्री,
बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्रालय,
नवी दिल्ली

महोदय,

स. न. वि. वि.

डिसेंबर 2024 मध्ये आपल्या मंत्रालयाने ‘जलवाहक’ योजना आणली. नदीतून माल नेणाऱ्याला खर्चाच्या 35 टक्क्यांपर्यंत परतावा. योजनेबद्दल तक्रार नाही. पण ती गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या जलमार्गांपुरती आहे आणि माल 300 किलोमीटरच्या वर जायला हवा, अशी तिची अट आहे. 2016 च्या कायद्याने आमची मांडवी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 68 झाली, झुआरी 111 आणि दोघींना जोडणारा कुंभारजुवे कालवा 27. लांबी 41, 50 आणि 17 किलोमीटर. तिन्हींची बेरीज 108. थोडक्यात, आमंत्रण आले, पण पंगतीत पान मांडलेले नाही.

नदीतून माल कसा न्यायचा हे ज्या राज्याला शिकवावे लागत नाही, नेमके त्यालाच या अटीने बाहेर ठेवले आहे. 2010-11 साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज निर्यात झाले. त्यातला मोठा वाटा सावर्डे, कुडचडे, आमोणे या भागांतल्या जेटींवरून बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींत, भरून मुरगाव बंदरात किंवा समुद्रात नांगरलेल्या जहाजापर्यंत गेला. बार्ज तीनशेच्या आसपास होत्या. त्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे यार्डही इथेच, नदीकाठी.

मी एका बार्ज कंपनीत फेऱ्यांचा हिशेब बघायचो. टेबलासमोर भरती-ओहोटीचा तक्ता टांगलेला असे आणि खरा साहेब तोच. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात, तिथून भरलेली बार्ज काढता येत नाही. मग मांडवीतल्या बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत न्यायच्या. कालव्यात वेळ चुकली आणि पाणी उतरले, की पुढच्या भरतीपर्यंत गाळात बसून राहा. म्हणून जेटीवर माल पडत असतानाच मास्टर, म्हणजे बार्जचा कप्तान, वरून ‘पुरे, पुरे’ ओरडायचा आणि भरणारा म्हणायचा, अजून दोन गाड्या. किती टन भरले ते बार्जच्या अंगावर रंगवलेल्या खुणा किती बुडाल्या त्यावरून ठरायचे. सर्व्हेअर होडीतून भोवती फिरून त्या वाचायचा. लाट आली की खूण चार बोटे वर-खाली होणार, आणि त्या चार बोटांवरून नंतर ऑफिसात आठवडाभर पत्रव्यवहार. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले खलाशी या सगळ्याकडे पाहत शांतपणे मासे तळत बसायचे.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने. 2014 साली वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाण-लिजांचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द झाले आणि पुन्हा सगळे ठप्प. खाणींत जे बेकायदा चालले होते ते पाहता हे कधीतरी होणारच होते. त्याबद्दल गळा काढणाऱ्यांतला मी नाही. पण उभी बार्जसुद्धा खाते. पत्रा गंजतो, तपासणीचा सर्व्हे टळत नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही, रात्री डिझेल आणि पितळ चोरीला जाऊ नये म्हणून दोन माणसे तरी वर ठेवावीच लागतात. काही मालकांनी बार्ज परराज्यांत विकल्या, काहींनी भंगारात काढल्या. कटरने बार्ज तोडायला काही आठवडे पुरतात. कालव्याची वळणे पाठ असलेला मास्टर मात्र इतक्यात तयार होत नाही.

आता लिलाव होऊन खाणी पुन्हा सुरू होत आहेत. गावातून ट्रक नकोत म्हणून डिचोली तालुक्यातले लोक उच्च न्यायालयापर्यंत गेले. खाणीपासून जेटीपर्यंत ट्रक लागणारच, ते नाकारून चालणार नाही. पण जेटीपासून बंदरापर्यंत दोन हजार टनांची एक बार्ज दहा टनी ट्रकच्या दोनशे फेऱ्या वाचवते. उत्पादन वाढले आणि बार्ज अपुऱ्या पडल्या, तर त्या दोनशे फेऱ्या कोणत्या रस्त्यावरून जाणार, हे उसगाव-तिस्क किंवा कुडचड्याच्या माणसाला विचारा. धुळीची चव त्याला ठाऊक आहे.

तेव्हा भरती-ओहोटीच्या आखूड नद्यांसाठी किलोमीटरची अट काढून टनावर परतावा द्या. रस्त्यावरून किती माल उतरला, हा निकष ठेवा. 95 कोटींच्या योजनेत गोव्याचा वाटा फार मोठा निघणार नाही. आग्वादच्या पट्ट्याची आणि कालव्याची खोली हंगामाआधी मोजून आकडे जाहीर करा. आज प्रत्येक मास्टर स्वतःच्या अंदाजाने चालतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या अधिकाऱ्यांना आवडणार नाही. ‘नद्यांचे राष्ट्रीयीकरण’ म्हटले की गोव्यात लोक रस्त्यावर येतात, कारण मुरगावात उतरणारा कोळसा उद्या नदीतून वर चढवला जाईल ही भीती आहे. कोळसा नको म्हणणाऱ्यांत मीही आहे. या तीन जलमार्गांवरून कोणता माल जाईल आणि कोणता कधीच जाणार नाही, हे अधिसूचनेत लिहून द्या. सभेतल्या तोंडी आश्वासनावर इथे कोणी विश्वास ठेवणार नाही, बार्जमालकसुद्धा नाही.

पावसाळा सरला की हंगाम सुरू होतो. त्याआधी एखादा अधिकारी पाठवा, पण पणजीच्या हॉटेलातल्या बैठकीला नको. ओहोटीच्या वेळी त्याला कालव्यातून बार्जवर बसवून न्यायची व्यवस्था आम्ही करू. जेवणही बार्जवरच.

आपला,
बार्ज धंद्यातला एक जुना कारकून
कुडचडे, गोवा