दारावर उभं राहण्याचं काय ते

ती. आई-बाबा,
सा. न.

तब्येत ठणठणीत आहे, जेवतोय, बर्फ पडलाय पण घरात आणि ऑफिसात हीटर असतो, त्यामुळे ती काळजी सोडा. परवा फोनवर धड बोलणं झालं नाही, आई तू रडायला लागलीस आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं (खरंच गेलं, मी कट नाही केला) म्हणून हे टाइप करून पाठवतोय. ताई, मोठ्याने वाच आणि मधलं काही गाळू नको.

तर तो फोटो. मावशीच्या लेकाने ग्रुपवर टाकलेला, मी लाल कोट घालून थिएटरच्या दारात उभा, हातात टॉर्च, आणि खाली काय लिहिलंय तर 'इंजिनिअर साहेब डोअरकीपर झाले'. त्याला मी बघून घेतो. पण आई, नोकरी गेलेली नाही. सोमवार ते शुक्रवार तेच ऑफिस, तोच पगार, हे फक्त शनिवार-रविवारचं. आणि याचे मला पैसे मिळत नाहीत. हे ऐकून तू अजूनच डोक्याला हात लावशील म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इथे अमेरिकेत क्लीव्हलंडात प्लेहाउस स्क्वेअर म्हणून भाग आहे, एकाला लागून एक जुनी थिएटरं, म्हणजे आपल्या भावे नाट्यमंदिराची पाच-सहा भावंडं एकाच रस्त्यावर राहायला आलीत असं समज. रस्त्याच्या मधोमध वर वीस फुटी झुंबर टांगलंय, ४,२०० स्फटिकांचं, उघड्यावर, बर्फात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कुणाच्या लग्नाचा मांडव काढायचा राहिलाय. आणि हे सगळं कुणा मालकाचं नाही. नॉनप्रॉफिट आहे, आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला ट्रस्ट असतो ना, तसं. पैसा उरला तरी कुणी घरी न्यायचा नाही, परत थिएटरातच घालायचा. तिथे दारावर तिकिटं बघणारे, जागा दाखवणारे लोक फुकट काम करतात, लाल कोट असतो म्हणून त्यांचं नावच रेडकोट. माझ्या बॅचला रिटायर्ड शाळामास्तर आहेत, एक नर्सबाई आहेत, दातांचे एक डॉक्टर आहेत, आणि ऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत ज्यांनी पहिल्याच दिवशी माझा हात धरून टॉर्च खाली वळवला. लाइट पायरीवर टाक, माणसाच्या तोंडावर नको, तो तिकीट काढून आलाय, चोर नाही. तेव्हापासून मी पायरीवरच टाकतो.

आता यातलं मला सहा महिने न कळलेलं. फुकट काम करायला इथे आधी फॉर्म भरायचा, मग ट्रेनिंग, मग कुठल्या शोला किती तास उभा राहिलास त्याची नोंद. म्हटलं फुकटच्या कामाची हजेरी कशाला? तर माझ्या कंपनीत असं आहे की मी जेवढे तास कुठल्या संस्थेत फुकट काम करीन त्या तासांवर हिशोब करून कंपनी त्या संस्थेला पैसे देते. मला नाही, संस्थेला. म्हणजे मी उभा राहतो फुकट, पण माझ्या उभं राहण्याचे पैसे होतात आणि ते तिसऱ्यालाच जातात. शिवाय मी खिशातून काही दिलं तर कंपनी तेवढीच भर घालते. आणि शो बघायला आलेले लोक शंभर डॉलरचं तिकीट काढून वर परत देणगी देतात, कारण नुसत्या तिकिटावर इथेही नाटक उभं राहत नाही. मग देणाऱ्यांची नावं प्रोग्रॅमच्या पुस्तिकेत, जास्त देणारे वर, कमी देणारे खाली, पानंच्या पानं. बाबा, तुम्ही नाटक मंडळाच्या स्मरणिकेसाठी मार्केट यार्डात हळदीच्या पेढ्यांवर जाहिराती मागत फिरायचा ना, तेच, फक्त इथे कुणी आत बसून 'शेठ बाहेर गेलेत' म्हणत नाही. आई, तुला सोपं करून सांगतो, मिरजेला उरुसाला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने मोठेमोठे गवई हजेरी लावतात तेव्हा कोण बिदागीचं विचारतं? सेवा म्हणतात त्याला. हे लोक सेवाच करतात, फक्त एक्सेलमध्ये लिहून.

बाबा, तुम्हाला मजा वाटेल ते सांगतो. ही थिएटरं १९२१-२२ च्या सुमाराची, पुढे टीव्ही आला, लोक शहर सोडून उपनगरात गेले आणि १९६८-६९ मध्ये एकेक करत पाचातली चार बंद पडली. १९७० मध्ये रे शेपर्डसन नावाचा शिक्षण मंडळातला एक कर्मचारी शिक्षकांच्या बैठकीसाठी हॉल शोधत आत शिरला आणि ते बघून येडाच झाला. बरं, बिल्डर नाही, नट नाही, साधा नोकरदार. १९७२ मध्ये दोन थिएटरं पाडून तिथे पार्किंग करायचं ठरलं होतं, तेव्हा बायकांच्या एका संस्थेने २५,००० डॉलर दिले आणि पाडकाम अडलं. (आई, तुमच्या भिशीला सांग.) हॉल धड नव्हते म्हणून त्या शेपर्डसनने १९७३ मध्ये स्टेट थिएटरच्या लॉबीतच टेबलं-खुर्च्या टाकून एक छोटा संगीत प्रयोग लावला, दोन-तीन आठवडे चालेल म्हणून, तो दोन वर्षं चालला! लॉबीत! मी शनिवारी त्याच लॉबीत उभा असतो आणि मला दर वेळी तुम्ही आठवता, शाळेच्या व्हरांड्यात चादरी बांधून तालीम घेणारे.

अजून एक. या काऊंटीत (आपला जिल्हा समजा) सिगारेटवर टॅक्स आहे आणि तो पैसा नाटक, संगीत, चित्रं यांना जातो. लोकांनी मतदान करून २००६ मध्ये लावून घेतला, पाकिटामागे ३० सेंट. गंमत अशी की लोक सिगारेट कमी ओढायला लागले आणि संस्थांचे पैसे आटत गेले, मग २०२४ च्या नोव्हेंबरात परत मतदान घेऊन तो ७० सेंट केला. तुमच्या मंडळाच्या तालमीत जेवढ्या फुंकल्या जायच्या तेवढ्यावर सांगलीत दोन नाट्यगृहं झाली असती, हे आईचंच वाक्य होईल म्हणून मीच म्हणून टाकतो.

आपले लोकही यात आहेतच. दाक्षिणात्य मंडळींचा कर्नाटक संगीताचा त्यागराज उत्सव इथे १९७८ पासून चालतो, दरवर्षी ईस्टरच्या सुमाराला, भारतातून मोठमोठे गवई येतात आणि राबणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. आणि करामू हाउस म्हणून कृष्णवर्णीयांचं एक थिएटर आहे, १९१५ मध्ये एका नवराबायकोने वस्तीतल्या मुलांसाठी सुरू केलेलं, अजून चालू. लहान आहे, झुंबर बिंबर नाही, पण मला तिथे जास्त करमतं. का ते नीट सांगता येत नाही, शो संपला की लोक घरी जात नाहीत, दारातच बोलत उभे राहतात, बहुतेक म्हणून.

आई, तुझी खरी भीती मला कळते. फोटो बघून तू दारवानाला नाही घाबरलीस, नाटकाला घाबरलीस. राज्य नाट्यच्या त्या सेटसाठी तुझ्या पाटल्या सोनाराकडे गेल्या त्या परत आल्याच नाहीत, मी सातवीत होतो, मला सगळं आठवतं. 'बापाच्या वळणावर गेला' असं तू ताईला म्हणालीस ते ताईने सांगितलंय मला. पण मी नाटक करत नाही गं, लोकांना खुर्ची दाखवतो आणि अंधार झाला की मागे उभा राहून बघतो. रविवारी संध्याकाळी त्या रूमवर एकट्याने बसण्यापेक्षा हे बरं. मजेत आहे मी तसा.

आता पैशाचं. या महिन्यात ४० हजारच पाठवलेत, दहा कमी, गाडीच्या बॅटरीला गेले, थंडीत बसली ती. पुढच्या महिन्यात भरून काढतो, स्लॅबचं काम थांबवू नका, गवंड्याला म्हणावं गळती आधी बघ, प्लास्टर नंतर. बाबांच्या मोतीबिंदूला मे मध्ये यायचं म्हणालो होतो, ते व्हिसाच्या स्टॅम्पिंगमुळे (परत यायला तिकडच्या वकिलातीत शिक्का घ्यावा लागतो) कठीण दिसतंय. एकदा बाहेर पडलो आणि तारीख मिळाली नाही तर तिकडेच अडकायचो. दिवाळीला नक्की. मागच्या दिवाळीलाही नक्कीच म्हणालो होतो, माहितीये.

पुण्याच्या त्या स्थळाला नाही म्हणालेलो नाही, तिच्याशी दोनदा बोललो, चांगली आहे, तिने विचारलं वीकेंडला काय करता, मी सांगितलं दारावर उभा असतो, ती हसली. पुढे काय ते तिच्या घरचे कळवतील, तुम्ही मागे लागू नका प्लीज. आणि त्यांना तो फोटो कुणी दाखवला असेल तर हे पत्रही दाखवा.

बाबा, माळ्यावरचे नाटकाचे स्पॉट आणि डिमर भंगारात द्यायचे म्हणताय असं ताई बोलली. स्लॅबसाठी माळा रिकामा करायला लागणार, कळतं मला. पण माझ्या खोलीत टाका ना, खोली तशीही रिकामीच आहे. किलोवर देऊ नका.

तुमचा,
बंड्या

ता. क. ताई, हे फक्त तुला, मोठ्याने वाचू नको. बॅटरीला सात गेले. उरलेले करामूला दिले, बाबांच्या नावाने, कंपनीने तेवढेच घातले. आईला कळू देऊ नकोस, बाबांनाही इतक्यात नको.