अकरावीचे प्रकल्प: सुरुवात प्रश्नापासून

प्रिय सतीश,
सप्रेम नमस्कार.

अकरावी विज्ञानाचे प्रकल्प तुझ्या गळ्यात पडले हे कळलं. पडले ते बरंच झालं. मुलांना स्वतःहून शोध घ्यायला कसं शिकवायचं, असं तू विचारलंस. माझं मत विचारशील तर निम्मा वेळ नुसत्या प्रश्नावर घाल. मुलं 'पाणी प्रदूषण' घेऊन येतात. तो विषय झाला, प्रश्न नव्हे. मग मागे लागायचं: कुठलं पाणी? त्यातलं काय मोजणार? कशाशी ताडून बघणार? 'आपल्या गावात बोअरचं पाणी विहिरीपेक्षा जास्त जड आहे का?' (जड म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं) इथपर्यंत गाडी आली की काम सुरू. उत्तर 'नाही' आलं तरी प्रकल्प उभा राहिला पाहिजे. राहत नसेल तर पोराने उत्तर आधीच ठरवून ठेवलंय असं समज.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण ते तुमच्याच प्रयोगशाळेत सुटतं. 50 मिली नमुना, त्यात पीएच 10 वर स्थिर ठेवणारा अमोनिया बफर 1 ते 2 मिली, रंग बदलून दाखवणारा दर्शक इरिओक्रोम ब्लॅक टी चिमूटभर आणि ब्युरेटमध्ये 0.01 मोलर ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं रसायन. लालसर रंग पूर्ण जाऊन निळा झाला की थांबायचं. जितके मिली लागले त्याला 20 ने गुणलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट ते मिळतं. 12 मिली लागले तर 240. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) 200 पर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत.

चुका कुठे होतात ते आधीच सांगतो. बोअर चालू केल्याबरोबर बाटली भरतात. ते पाइपात साचलेलं पाणी असतं, पाचेक मिनिटं वाहू दे. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची. बफर घातल्यावर गप्पा मारत बसले तर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसायला लागतं आणि रंग बदलायची वेळ सरकते, म्हणून पाच मिनिटांत उरकायचं. वाचनं तीन, एकमेकांपासून 0.1 मिलीच्या आत. पण सगळ्याच नमुन्यांची तिन्ही वाचनं तंतोतंत सारखी दिसली तर पोरांनी दुसरं-तिसरं वाचन घेतलेलंच नाही, हे ओळखून घे. कुणी टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा) पेन आणेल. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून आकडा काढतो. मिठाच्या पाण्याचाही आकडा त्यात मोठा दिसतो, पण ते जड नसतं.

नमुन्यांचं नियोजन मात्र त्यांनाच करू दे, आणि इथे घाई करू नकोस. पाच विहिरी, पाच बोअर, एकाच भागातले, एकाच दिवशी घेतलेले. विहिरी पावसाळ्यात आणि बोअर मार्चमध्ये तपासले तर फरक बोअरचा की पावसाचा, हे कुणाला सांगता येणार नाही. हे तू सांगू नकोस. 'दोघांत आणखी काय काय वेगळं आहे?' एवढंच विचार आणि गप्प बस. वर्गातली शांतता पहिल्यांदा जड जाते, पण उत्तर त्यातूनच येतं.

वाचनासाठी मराठी विश्वकोशातली नोंद पहिली, कारण शब्द तिथे कळतात. मग राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माहिती, आणि शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या संकेतस्थळावरचा जवळच्या विषयाचा एखादा प्रबंध. तो अख्खा वाचायचा नाही. आधीच्या अभ्यासांचा आढावा आणि शेवटची संदर्भसूची, बस. टिपणं पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर: एका कार्डावर एकच मुद्दा, कोपऱ्यात स्रोत आणि पान क्रमांक. मजकूर जसाच्या तसा उतरवला तर अवतरण चिन्हं त्याच क्षणी घालायची, नंतर आठवत नाही. पान उघडं ठेवून लिहिलं की नक्कल ठरलेली. वाच, मिट, लिही, मग उघडून ताडून बघ. एआयला विचारलेले संदर्भ तर प्रत्येकी उघडून दाखवायला सांग. लेखक, वर्ष, नियतकालिक सगळं खरं वाटतं आणि लेख अस्तित्वातच नसतो.

वही बांधीव हवी, सुटे कागद नकोत. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, व्हाइटनर नाही. गट चौघांचा असला तरी वही प्रत्येकाची वेगळी, नाहीतर एकजण राबतो आणि तिघं सही करतात. 80 च्या तुकडीत 20 गट होतील. प्रत्येकाला दहा मिनिटं म्हणजे 200 मिनिटं, ती दोन आठवड्यांत वाटून घे. भेटीत तीनच गोष्टी विचारायच्या: काय केलं, कुठे अडलं, पुढे काय. पहिल्या महिन्यात स्रोत तू दे, दुसऱ्यात दोन त्यांनी आणायचे, तिसऱ्यात सगळे त्यांचे.

पालक 'सीईटीला याचा काय उपयोग?' म्हणतील. सीईटीला नाही, हे सरळ सांग. पण आता चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं, त्यात 12 श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) प्रबंध असतो. तिथे प्रश्न कुणी हातात देत नाही.

गटांचे प्रश्न ठरले की यादी व्हॉट्सॲपवर टाक. ज्यांचं उत्तर मोजून काढता येणार नाही त्यांच्यावर खुणा करून पाठवतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद