परिपाठातला बारावा अध्याय

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस आणि इकडे बाबांचा टीव्ही मोठ्याने चालू होता, म्हणून लिहायलाच बसले. येत्या शनिवारी तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठराव येणार आहे: सहावी-सातवीच्या मुलांनी रोज परिपाठात गीतेचा बारावा अध्याय म्हणायचा, सक्तीने, आणि महिनाअखेर पाठांतराची तोंडी परीक्षा. तू म्हणालीस, "आई, तुला तर आनंदच व्हायला हवा. आपलं घर वारकऱ्यांचं." आनंद झाला नाही. तो का झाला नाही, हे तुला नीट कळावं असं वाटतं, कारण त्या बैठकीत शिक्षक प्रतिनिधी म्हणून तू बसणार आहेस.

बारावा अध्याय मला पाठ आहे. वीसच श्लोक, चालीवर म्हणायला सोपे. मे २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला, त्यातही नववी ते बारावीच्या पाठांतरासाठी हाच अध्याय सुचवला होता आणि लहान वर्गांसाठी मनाचे श्लोक. त्याच मसुद्यात मूल्यशिक्षणाच्या ओघात मनुस्मृतीतला एक श्लोक घातला होता, वडीलधाऱ्यांना वंदन करावं अशा अर्थाचा. त्या अर्थात वावगं काही नाही. पण श्लोक सुटा येत नाही गं, ग्रंथाला बरोबर घेऊन येतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला गेला, त्यातलं वचन त्यांना मानणाऱ्या घरातल्या मुलापुढे मूल्य म्हणून ठेवायचं, आणि वर विचारायचं की यात तुम्हाला काय टोचतं? मसुदा लिहिणाऱ्यांना हे सुचलंच नाही याचं मला अजून नवल वाटतं.

आता कायद्याचं. राज्यघटनेचं अठ्ठाविसावं कलम तू डी.एड.ला वाचलं असशील, पण परीक्षेपुरतं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, असं त्याचं पहिलं उपकलम म्हणतं. तुझी जिल्हा परिषदेची शाळा यात येते. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेला तिसरं उपकलम लागू पडतं: तिथे धार्मिक शिक्षण किंवा उपासना असली तर सहभागी व्हायची सक्ती कोणावर करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. हा फरक बैठकीत नक्की सांग. "सगळ्या गावाला हवंय" हे वाक्य तुला दहा वेळा ऐकू येणार आहे. समितीत पाऊणशे टक्के पालक असतात, तेव्हा बहुमत होईलही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रश्न संमतीचा उरतच नाही. शंभर टक्के गावाने सह्या केल्या तरी ती शाळा गावाच्या देवळाची होत नाही.

अनुदानित शाळांतही ही अडचण कागदावरची नाही. नाशिककडच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्याचा पगारातला लाभ अडवला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की त्याला हात जोडायला भाग पाडता येणार नाही. मोठ्या माणसाला कोर्टापर्यंत जावं लागलं. सहावीतलं पोर कुठे जाणार?

पण याचा अर्थ गीतेचं नावच शाळेत काढायचं नाही, असं मी म्हणत नाही. इथे आपलेच काही पुरोगामी लोक घोटाळा करतात. ७ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत याच कलमावर चर्चा चालली होती. सभेचे सदस्य लक्ष्मीकांत मैत्र यांनी विचारलं, मग संस्कृत पाठशाळांचं काय, जिथे वेद-स्मृती शिकवतात? डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं की धर्माचं शिक्षण वेगळं आणि धर्माचा अभ्यास वेगळा. अमुक गोष्ट खरी मानच, असं सांगणं म्हणजे पहिलं. उदाहरण म्हणून त्यांनी इस्लाममधल्या एकेश्वराच्या आणि शेवटच्या पैगंबराच्या श्रद्धेचं नाव घेतलं. पुढे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयी शिकवायला घटनेची आडकाठी नाही असाच निकाल दिला.

हा फरक वर्गात ओळखायचा कसा? मी इतकी वर्षं मराठी शिकवलं, माझी खूण साधी आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात कवितेखाली 'स्वमत' म्हणून प्रश्न असतो. दहावीच्या कुमारभारतीत संतवाणीत नामदेवांचा 'अंकिला मी दास तुझा' आहे, एकनाथांचा 'योगी सर्वकाळ सुखदाता' आहे. माझ्या वर्गात मुसलमान मुली होत्या, बौद्ध मुलं होती, एक ख्रिस्ती मुलगा होता. सगळ्यांनी ते अभंग चालीवर म्हटले, रसग्रहण लिहिलं, आणि त्यातल्या एकीने स्वमतात लिहिलं की देवाचं दास होण्यापेक्षा देवाने आपलं मित्र व्हावं. मी तिला पूर्ण गुण दिले. कोणाच्या घरून तक्रार आली नाही. आता तू सांग, परिपाठाच्या रांगेत, डोळे मिटून, हात जोडून म्हटलेल्या श्लोकाखाली स्वमताचा प्रश्न कुठे घालणार? "गुरुजी, हे मला पटत नाही" असं म्हणणाऱ्या पोराला तिथे गुण मिळतील की छडी?

सक्तीचं पाठांतर कसं होतं, तेही मी पाहिलंय. आमच्याकडे गीता जयंतीला पठणाची स्पर्धा असायची, ज्याला हवं त्याने भाग घ्यायचा. एका वर्षी नव्या उत्साहात अख्ख्या वर्गाला बसवलं. एक मुलगा इतका सुरेख म्हणाला, अनुस्वार-विसर्गासकट, की मी कौतुकाने विचारलं, 'अद्वेष्टा सर्वभूतानां' म्हणजे काय रे? तो शांतपणे म्हणाला, "बाई, अर्थ परीक्षेला नाहीये." त्याला कंपासपेटी बक्षीस मिळाली. कोणाचाच द्वेष न करणारा भक्त मला प्रिय, असं तिथे भगवंत सांगतायत, आणि मधल्या सुट्टीत हाच मुलगा पाठ न झालेल्या पोरांना "तुम्ही काय हिंदू आहात का?" असं चिडवत होता.

वारकरी म्हणून माझा राग तर आणखी वेगळा आहे. ज्ञानोबांनी शके १२१२ मध्ये गीता मराठीत आणली ती का? संस्कृत ज्यांना कळत नव्हतं, कळू दिलं जात नव्हतं, त्यांच्यापर्यंत अर्थ पोचावा म्हणून. सातशेहून जास्त वर्षांनी आपण त्याच लेकरांना अर्थाशिवाय संस्कृत घोकायला लावणार आणि त्याला संस्कार म्हणणार! आणि गीतेचं स्वतःचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर, श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. चारच श्लोक पुढे बजावतात, ज्याला ऐकायची इच्छा नाही त्याला हे सांगू नकोस. रणांगणावर, समोर सैन्य उभं असताना सुद्धा सक्ती नाही. ती आपल्या ठरावात आहे.

"मदरशात, कॉन्व्हेंटमध्ये चालतं मग?" हाही प्रश्न येईल. हा उडवून लावू नकोस, त्यात थोडं तथ्य आहे. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवायचा हक्क तिसाव्या कलमाने दिला आहे आणि तिथे काय चालतं याकडे सरकारचं लक्ष पुरेसं नसतं, हे मलाही दिसतं. पण सक्तीची बंदी मान्यताप्राप्त मिशनरी शाळेलाही तितकीच लागू आहे, आणि तिथे कोणी हिंदू मुलाला बायबल म्हणायला लावत असेल तर अशीच तक्रार मी करीन. खाजगी हिंदू संस्थाही शाळा चालवतातच. सरकारी शाळा मात्र कोणा एकाची नाही.

गुजरातने २०२२ मध्ये सहावी ते बारावीसाठी गीता जाहीर केली, उत्तराखंडने २०२५ मध्ये सरकारी शाळांच्या प्रार्थनेत श्लोक आणले, तेव्हा आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर फुलांचा वर्षाव झाला होता. त्याच वर्षी टेक्सासने प्रत्येक सरकारी वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचा कायदा केला. तिकडचा तुझा मामेभाऊ किती खवळला होता! "आमच्या मुलांनी रोज हे का बघायचं?" आज्ञांमध्येही चोरी करू नका, आईवडिलांना मान द्या, असं चांगलंच लिहिलंय की. पण पहिली आज्ञा आहे, माझ्याशिवाय दुसरा देव मानू नकोस. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. फक्त इकडची फुलंही त्यानेच पाठवली होती, एवढं तेव्हा कोणी बोललं नाही. मीही नाही.

बैठकीत नुसता विरोध करून येऊ नकोस, त्याने माणसं दुखावतात आणि तुला त्याच गावात नोकरी करायची आहे. सरपंचांची काळजी खोटी नाही. पोरं दिवसभर मोबाइलवर आहेत आणि घरात कोणी पोथी उघडत नाही. पर्याय ठेव. आठवड्यातून एक मराठीचा तास माग. त्यात ज्ञानेश्वरीतल्या चार ओव्या घे, मुसलमान संतकवी शेख महंमदांचं काही घे, धम्मपदातलं एखादं वचन घे, फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणातली मराठीची स्तुती घे. ती तर मुलांना फार आवडते, परदेशी पाद्री आपल्या भाषेला मोगऱ्याची उपमा देतो म्हणून. अर्थ सांग, वाद होऊ दे, शेवटी स्वमत लिहून घे. परिपाठात उद्देशिका, प्रतिज्ञा, बोधकथा, दिनविशेष आहेच. वेळ तसाही पुरत नाही.

एवढं करूनही ठराव झालाच, तर इतिवृत्तात तुझा विरोध कारणासकट नोंदवून घे आणि मुख्याध्यापकांकडून अंमलबजावणीचा लेखी आदेश माग. तोंडी काही ऐकू नकोस. केंद्रप्रमुखांनाही प्रत दे. लेखी द्यायची वेळ आली की भल्याभल्यांचा उत्साह ओसरतो, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलंय. काय झालं ते शनिवारी रात्री फोन करून सांग, बाबांना टीव्ही बंद करायला लावते.

तुझी,
आई