आधी दिवा, मग दरवाजा

बेंगळुरू
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर गाडीच्या दुरुस्तीचं आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. फोन स्पीकरवर, मागे बातम्या, आई स्वयंपाकघरातून "शोरूमलाच द्या, वॉरंटी आहे ना" म्हणतेय आणि बाबा "वारज्याचे आपले पत्रा-रंगवाले मिस्त्री बघतील सगळं" म्हणताहेत. शेवटी सगळं "बघू"वर आलं. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून आज सकाळपासून हे लिहीत बसले आहे. बाबा, तुम्हाला आकडे कागदावर दिसल्याशिवाय पटत नाहीत, म्हणून आकडेही लिहिते.

आधी एक गोष्ट बोलून टाकते. कर्वे पुतळ्यापाशी टेम्पो मागे घेताना आपल्या गाडीला लागला, हे मला आठ दिवसांनी कळलं, तेही आईच्या बोलण्यात ओघाने आलं म्हणून. मला काळजी नको म्हणून तुम्ही बोलला नाहीत, हे समजतं. पण पुढच्या वेळी त्याच संध्याकाळी सांगा. तुम्हा दोघांना काही झालं नाही, एवढंच मला आधी ऐकायचं असतं. पत्र्याचं नंतर बघता येतं.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. डाव्या मागच्या दरवाज्यावरचा खड्डा, त्यामागच्या पत्र्यावरचे ओरखडे, बंपरचा कोपरा फुटलेला, हे सगळं दिसलं. पण माझी नजर अडकली ती चौथ्या फोटोवर, किलोमीटर दाखवायला म्हणून तुम्ही काढलेल्या. इंजिन चालू आहे आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलेला आहे. विचारलं तर म्हणालात, "तो गणपतीपासून अधूनमधून लागतो, आपोआप जातो."

बाबा, तो दिवा गाडी सुरू करताना काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला, याचा अर्थ गाडीला त्या यंत्रणेत दोष सापडलाय. अशा वेळी धडक बसली तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते, आणि पट्टा खेचून धरणारी यंत्रणाही त्याच साखळीतली असते. दरवाज्याचा खड्डा सहा महिने तसाच राहिला तरी कुणाचं काही बिघडत नाही. हा दिवा मात्र आठवडाभरही तसा राहू नये. तुमच्या शेजारच्या सीटवर आई बसते.

कारण अगदी साधं असू शकतं. एअरबॅगच्या वायरिंगची कनेक्टर मुद्दाम पिवळी ठेवतात, मेकॅनिकच्या लगेच लक्षात यावं म्हणून. त्यातलं एक बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटखाली असतं. सीट सारखी मागेपुढे केली की वायर ओढली जाते आणि ते सैल होतं. आई, गुडघ्यामुळे तू चढताना सीट मागे घेतेस आणि नंतर पुढे, त्यानेही झालं असेल. तुझी यात काही चूक नाही, असल्या गोष्टी कंपनीने धरून चालायला हव्यात. पण म्हणून बाबा, वाकून ते पिवळं कनेक्टर दाबून बघायला जाऊ नका, आणि मिस्त्रीकाकांनाही हात लावू देऊ नका. एअरबॅग छोट्याशा स्फोटाने उघडते. टेस्ट लॅम्प लावून वायर तपासायची सवय तिथे जिवावर बेतू शकते. बॅटरी सोडवायची, काही मिनिटं थांबायचं, स्कॅनरवर दोषाचा कोड वाचायचा आणि मगच हात लावायचा, असं ते काम आहे.

हे काम वॉरंटीचं आहे. गाडी जुलै २०२३ ची, वॉरंटी तीन वर्षांची, म्हणजे अजून सात महिने हातात आहेत. शिवाय सप्टेंबरच्या सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डवर "एअरबॅग दिवा अधूनमधून लागतो" अशी तुमची तक्रार लिहिलेली आहे. तुम्ही ते कार्ड फायलीत लावून ठेवलंत, याबद्दल तुमचे आभार मानते. टेम्पो लागला तो नोव्हेंबरात. तेव्हा "हा दोष अपघातामुळे आला" असं कुणी म्हणालं, तर तेच कार्ड समोर ठेवायचं.

आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा. अनेक गाड्यांत बाजूच्या धडकेचे सेन्सर पुढच्या-मागच्या दरवाज्यांमधल्या खांबात किंवा दरवाज्यात असतात. मिस्त्रीकाकांनी आधी दरवाज्याचं आतलं कव्हर उघडलं आणि नंतर आपण दिव्यासाठी शोरूमला गेलो, तर "बाहेर वायरिंग उघडलंय" म्हणायला त्यांना जागा मिळते. म्हणून आधी दिवा शोरूमला, दुरुस्ती काय केली ते लेखी घ्यायचं, आणि त्यानंतर दरवाजा. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं सगळं त्याला धरून येतं.

आता आईचा मुद्दा. आई, तुला वाटतं की वॉरंटी आहे म्हणजे दरवाजाही शोरूम फुकट करून देईल. तसं नाही गं. वॉरंटी असते ती बनावटीतल्या दोषाची. टेम्पोने ठोकलेला पत्रा कुठल्याच वॉरंटीत बसत नाही, तो विम्याचा विषय. शोरूमने ४६,८०० चं एस्टिमेट दिलंय, ते विम्यातून जायचं म्हणून. त्यात दरवाजा नवा १४,५००, बंपर नवा ९,२००, रंग १५,००० आणि बाकी मजुरी. तुम्हाला सांगितलं गेलं की "विमा आहे, तुम्हाला काही पडणार नाही." हे खरं नाही, कारण या वर्षी आपण झिरो डेपचा, म्हणजे भागांचा घसारा कापू नये यासाठीचा, जादा हप्ता भरलेला नाही. मग घसारा कापला जातो. गाडीला दोन वर्षं पूर्ण आणि तीन व्हायची आहेत, म्हणून लोखंडी भागावर १५ टक्के: २,१७५. प्लास्टिकच्या बंपरवर ५० टक्के: ४,६००. रंगाच्या बिलाचा चौथा हिस्सा सामान धरतात आणि त्यावर ५० टक्के: १,८७५. १,५०० सीसीच्या आतल्या गाडीला सक्तीचे १,००० आपल्या खिशातले. झाले ९,६५०.

एवढ्यावर थांबत नाही. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. क्लेम न घेता आपल्याला येत्या जुलैत ३५ टक्के सूट मिळेल, पुढच्या वर्षी ४५, मग ५०. क्लेम घेतला तर त्याच तीन वर्षांत शून्य, २० आणि २५. आपल्या पॉलिसीत गाडीच्या नुकसानीचा हप्ता सुटीआधी साधारण ९,००० आहे, तो तेवढाच राहील असं धरलं तर तीन वर्षांत ७,६५० चा फरक. ९,६५० त मिळवा, १७,३०० होतात. मिस्त्रीकाकांनी सांगितलेत १७,५००. दोनदा बेरीज करून पाहिली, इतकं जवळ येईल असं मलाही वाटलं नव्हतं. तेव्हा कुठे स्वस्त पडतं हा प्रश्नच उरत नाही. काम कोण चांगलं करेल, एवढंच बघायचं.

आणि तिथे बाबा, मी तुमच्याच शिकवणीवर बोलते. टेल्कोत पेंट शॉपला ३३ वर्षं काढलीत तुम्ही. इंडिका आली तेव्हा मी शाळेत होते आणि तुम्ही जेवताना मला बॉडी कशी बुडवतात ते सांगायचात: आधी फॉस्फेट, मग विजेने चढवलेला प्रायमर, मग भट्टी. तुमचं वाक्य मला अजून आठवतं, "खरा रंग दिसतच नाही, तो आतल्या कोपऱ्यात असतो." कारखान्यातल्या भट्टीत नुसती बॉडी असते, म्हणून वरचा रंग १४० अंशांच्या आसपास भाजता येतो आणि तो बुडवलेला प्रायमर त्याहूनही जास्त. रस्त्यावर आलेल्या गाडीत वायरी, सीटा, प्लास्टिक सगळं असतं, त्यामुळे रंगाच्या बंद खोलीत, बूथमध्ये, साधारण ६० अंशांवर सुकवतात, तेही हार्डनर मिसळलेल्या वेगळ्या रंगाने. हे शोरूमलाही लागू आणि वारज्याच्या शेडलाही. कंपनीचा रंग परत कुणीच देऊ शकत नाही. दोन्हीकडे उरतो तो माणसाचा हात आणि जागेची स्वच्छता.

शिवाय शोरूम दरवाजा बदलणार आहे. मला ते नको वाटतं. आपला दरवाजा आतून शाबूत आहे, काच सरळ वरखाली होते, फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे, पट्टीही बसलेली आहे. कारखान्यात बुडवून निघालेला पत्रा काढून टाकायचा, तो केवळ क्लेममध्ये बसतो म्हणून, हे तुम्हालाही रुचणार नाही. खड्डा मधल्या खांबापर्यंत गेला असता तर मी उलट बोलले असते. तो खांब हल्ली फार कठीण पोलादाचा असतो, त्याला गॅसची आच दिली की त्याची ताकद जाते. मग मी मिस्त्रीकाकांकडे जाऊच दिलं नसतं. पण हा साधा दरवाज्याचा पत्रा आहे.

इथे माझ्या गाडीचं काय झालं ते तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी कंपनीच्याच वर्कशॉपला उजवा दरवाजा रंगवला. आठ महिन्यांत खालच्या कडेला फुगवटा आला. दुसरीकडे दाखवलं तर आत पुट्टीचा जाड थर निघाला आणि दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं बुजलेली. पावसाळाभर आत पाणी साचत होतं. बोर्ड चांगला होता, बिल छापील होतं. दरवाज्यावर काम कुणी केलं, त्या माणसाला मी कधी पाहिलंच नाही.

मिस्त्रीकाकांना आपण पंचवीस वर्षं पाहतोय. नाना पेठेत कुणाच्या तरी हाताखाली होते तेव्हापासून. पण माझा त्यांच्यावर विश्वास आहे तो ओळखीमुळे नाही. आपल्या जुन्या मारुतीचा खालचा पत्रा सडला होता तेव्हा ते म्हणाले होते, "साहेब, मी पैसे घेऊन झाकून देईन, पण वर्षभरात परत येईल. हा कापून नवा लावा, आणि ते माझ्याकडे नीट होणार नाही." आणि त्यांनीच दुसरीकडे पाठवलं. जो माणूस समोर आलेलं काम नाही म्हणतो, त्याने हो म्हटलेलं काम मी डोळे मिटून देते.

तरी काही गोष्टी त्यांच्याशी आधीच बोला. खड्डा ओढायला ते पत्र्यावर मशीनने खिळे चिकटवतात. त्या उष्णतेने आतल्या बाजूचा मूळ प्रायमर जळतो आणि गंज तिथूनच धरतो. तेव्हा काम झाल्यावर आतून अँटी-रस्ट किंवा मेणाचा फवारा मारायचाच, आणि तळाची भोकं मोकळी ठेवायची. पुट्टी भरण्याआधी नुसत्या पत्र्याचा फोटो काढून मला पाठवा. आपला रंग सिल्व्हर आहे, तो जुळवायला सगळ्यांत त्रासाचा. नुसता एक दरवाजा मारला तर उन्हात वेगळा दिसेल, म्हणून पुढच्या दरवाज्यावर थोडा विरवत न्यावा लागेल. आधी तुकड्यावर मारून दुपारच्या उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नको. रंग शेडमध्ये मारू नका, ते नेहमी ज्यांचा बूथ भाड्याने घेतात तिथेच न्या. बंपर जोडता येत असेल तर जोडा. पार्किंग सेन्सरवर मात्र रंगाचे थर चढू देऊ नका, ते काढून ठेवायला सांगा. आणि बिल घ्या. ते नको म्हणतील, तरी घ्या.

बाहेर काम केलं म्हणून गाडीची सगळी वॉरंटी जाते, असं शोरूममध्ये तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड केला होता, त्याच आदेशात हेही होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडेल, तेवढंच नाकारता येईल. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, म्हणून काउंटरवर या आदेशावरून वाद घालत बसू नका. फक्त घाबरून सही करू नका. रंगवलेल्या दरवाज्याच्या रंगाची आणि गंजाची वॉरंटी आपण गमावू, ते मला मान्य आहे. इंजिन, गिअरबॉक्स, एअरबॅग यांचा त्या दरवाज्याशी संबंध नाही.

शोरूमची वेळ मी बुधवारी सकाळी दहाची घेतली आहे. जॉब कार्डवर फक्त दिव्याचीच तक्रार लिहायला सांगा, दरवाज्याचं एस्टिमेट "नको" म्हणा. जुनं जॉब कार्ड आणि वॉरंटीचं पुस्तक बरोबर न्या. गाडी परत घेताना कोणता कोड आला आणि काय बदललं ते कागदावर लिहून मागा, आणि स्वतः गाडी सुरू करून दिवा विझतो का ते बघा. नाहीच विझला, तर तिथूनच मला फोन करा, मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

मी २० तारखेला येतेय, चार दिवस आहे. मिस्त्रीकाकांकडे आपण दोघं मिळून जाऊ. तोवर खड्डा असू दे.

आई, बुधवारपर्यंत फिजिओला रिक्षाने जा. बाबा, तुम्हीही रिक्षानेच तिच्याबरोबर जा. शोरूमला जाताना तेवढी गाडी काढा, एकटे, हळू आणि पट्टा लावून.

तुमची,
छोटी