टाच ओली, बेचकी कोरडी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लावणी निम्म्यावर आली आणि पायांची ही अवस्था: बोटांत चिखल्या, टाचांना भेगा, त्यात काकूंच्या अंगठ्याचं नख दुखतंय. एकच मलम आणून तिन्हीकडे लावतोयस हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. टाच कोरडी पडून फुटते, बेचकी ओली राहून कुजते. एकीचं औषध दुसरीचं दुखणं वाढवतं.

आधी चिखल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यात हवा खेळायला जागाच नसते, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच होते. पाणी मुरून कातडी नुसती पांढरी पडली असेल, तर दोन-तीन दिवस कोरडी ठेवली की ती बरी होते. खाज, वास आणि सुटणारे पापुद्रे असतील तर बुरशी शिरलीय असं समज. शेतातून आलास की स्वच्छ पाण्याने आणि साध्या साबणाने पाय धू. सुती फडक्याने एकेक बेचकी टिपून घे. घासलंस तर मऊ पडलेली कातडी निघून येईल. दहा मिनिटं बोटं उघडी ठेव आणि मगच १ टक्का क्लोट्रिमॅझोलचं मलम सकाळ-संध्याकाळ लाव. एका पायाला हरभऱ्याएवढं पुरे. जाड थर दिला तर ओल आत कोंडते. आठवडाभरात खाज थांबते आणि बहुतेक जण नेमके इथेच मलम सोडतात. बुरशी मात्र कातडीच्या थरात शिल्लक असते, ती पुन्हा उठते. चार आठवडे नेमाने लावच.

हातातली ट्यूब आताच उजेडात धरून वाच. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असं काही लिहिलेलं असेल तर ती बाजूला ठेव. त्यात स्टेरॉइड आहे. त्याने खाज झटकन जाते आणि गुण आला असं वाटतं, पण आत बुरशी मोकाट पसरते. पुढे तीच जांघेत नायटा होऊन बसते आणि मग साध्या मलमाला दाद देत नाही. पायाची बुरशी चड्डी चढवतानाही वर जाते, म्हणून आधी मोजे घालावेत, चड्डी मागून.

गमबूट घालतोस ते चांगलंच, पण आतून ओले असले तर त्यांचा उपयोग नाही. रोज रात्री आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि बोळे ओले झाले की बदल. शक्य असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापर.

आणखी एक गोष्ट चिखल्यांपेक्षा मोठी आहे. खाचरातल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि फुटलेल्या कातडीतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे, जंतू शिरतात. पाण्यात उतरण्यापूर्वी भेगा आणि जखमा चिकटपट्टीने झाक. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या ठणकल्या किंवा डोळे लाल झाले, तर ‘पावसाळी ताप’ म्हणून अंगावर काढू नकोस. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ‘मी लावणीला पाण्यात होतो’ हे आपणहून सांग. वेळेवर औषध सुरू झालं तर आजार आटोक्यात येतो.

आता टाचा. दिवसभर पाण्यात भिजलेली टाच वाळताना स्वतःचा ओलावाही गमावते. मग जाड कडक कातडीवर अंगाचा भार पडला की ती चिरते. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेव, जास्त नको. ओल्या टाचेवरून वजरी हलक्या हाताने फिरव. एका दिवसात सगळं खरवडायला जाऊ नकोस, खोल गेलं तर रक्त येतं आणि नंतर कातडी आणखी राठ होते. ब्लेड तर नकोच. टाच टिपून दमट असतानाच युरियाचं १० टक्के मलम लाव. फार राठ असेल तर २५ टक्क्यांचं. उघड्या भेगेत मात्र ते झोंबतं, तिथे व्हॅसलीन बरं. तुमच्याकडचं कोकम तेलही चांगलं. त्याचा गोळा वाटीत घालून वाटी गरम पाण्यात ठेवली की ते वितळतं, मग बोटाला सोसेल इतपत निवलं की भेगेत भर. फक्त एक लक्षात घे: तेल ओलावा आणत नाही, आहे तो धरून ठेवतं. कोरड्या टाचेवर थापून फारसा फायदा नाही.

रात्री वरून मोजा घाल, पण जुन्या सुती मोज्याचा बोटांकडचा भाग कापून टाक. टाच झाकलेली राहते आणि बेचक्या उघड्या.

कुरुपाबद्दल थोडक्यात. चपलेचा दाब हटला नाही तर ते कितीही काढलं तरी परत येतं, म्हणून आधी चप्पल बदल. कॉर्न कॅप म्हणजे कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टी, तिच्यातलं सॅलिसिलिक आम्ल शेजारची चांगली कातडीही जाळतं, म्हणून भोवती व्हॅसलीनचं कडं करून मग ती लावावी.

काकूंना यातलं काहीही करू नकोस. नख आत रुतायला लागलं तर एरवी कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बोट बुडवून कोपऱ्याखाली कापसाची वात सरकवता येते. पण त्यांना मधुमेह आहे. तळव्याची जाणीव कमी झालेली असली तर पाणी पोळलेलं कळत नाही आणि लहान जखमही चिघळते. कॉर्न कॅप, ब्लेड, शेक, सगळं बंद. नख टोकाने दुखतंय म्हणजे कोपरा गोल कापला गेला असणार. पुढे नेहमी सरळ कापायचं. पण आधी त्यांना दवाखान्यात ने, उद्याच, लावणी एक दिवस थांबली तरी चालेल. लाली बोटावरून पावलाकडे सरकली असेल किंवा पू दिसला, तर उद्याचीही वाट पाहू नकोस. यापुढे रोज रात्री तूच दिव्याखाली त्यांचे तळवे आणि बेचक्या बघत जा. त्यांना वाकून दिसणार नाही.

ट्यूबवर काय लिहिलंय ते आणि डॉक्टर काकूंच्या बोटाबद्दल काय म्हणाले ते, दोन्ही लगेच कळव.

तुझा,
मधू